तळहातावर मोजलेला उजेड

मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे उसाचं एक शेत अजून शिल्लक आहे. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून ते सगळं दिसतं. गेल्या आठवड्यात त्याला तुरा आला. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लगेच फोटो पडले, खाली "काश्मीर वाटतंय" वगैरे. तुरा म्हणजे उसाचं वय झाल्याची खूण. आता तो आतून पोकळ होत जाणार, गोडी उतरणार, लवकर तोडायला हवा. शेतवाल्याला हे कळतं, पण त्याला कुणी गटात घेतलेलं नाही.

तुरा दिसला आणि मला कपाटातला खाकी लिफाफा आठवला. खरं तर तो मी विसरलेच नव्हते. त्यात एक फोटो आहे. तो ज्यांच्या घरी द्यायला हवा ते घर भिंतीला वळसा घालून गेलं तर सात मिनिटांवर आहे, आणि ती सात मिनिटं चालायला मला चार महिने झाले तरी जमलेलं नव्हतं.

कॅमेरा घेतला तो मागच्या वर्षी, दिवाळीनंतर. हडपसरच्या एका कंपनीत मी टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते आणि त्याबद्दल पगार घेते. बावीस वर्षं हे केल्यावर माणसाला वाटायला लागतं की आपण स्वतः काही चुकत नाही. चांगला छंद हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाणं येत नाही, बागेला जागा नाही, म्हणून कॅमेरा.

शिकायला रविवारी सकाळी शहरात जायचे, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दारावर पाटी होती : "उशिरा येणाऱ्यांनी पुढच्या रविवारी लवकर यावे." सर सत्तरीचे. ते कुणालाही वाईट म्हणत नसत, फक्त प्रश्न विचारत. धुक्यातल्या तुऱ्याचा माझा पहिला फोटो त्यांनी दोन मिनिटं न्याहाळला आणि विचारलं, "हे धुकं आहे, की कुणी कचरा जाळलाय?"

धुकं पांढरंशुभ्र होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. फोटोत मात्र ते धुरकट, राखाडी. त्याचं कारण सरांनी सांगितलं ते मला फार आवडलं. कॅमेऱ्यातल्या मीटरला उजेड मोजता येतो, पण समोर काय आहे ते कळत नाही. म्हणून ते एकच गोष्ट गृहीत धरतं, की जग सरासरी राखाडी असतं. पांढरी भिंत दाखवा, ते म्हणतं बापरे, फार उजेड झाला, आणि कमी करून तिला राखाडी करतं. काळी म्हैस दाखवा, ते म्हणतं फार अंधार आहे, आणि वाढवून तिलाही राखाडी करतं. आपण सांगायचं असतं, बाबा रे, ही भिंत खरंच पांढरी आहे, थोडं जास्त दे. म्हैस खरंच काळी आहे, थोडं कमी कर. त्यासाठी कॅमेऱ्यावर अधिक-उणेची एक चकती असते. तिचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, सर तिला चकतीच म्हणत. एक घर अधिक म्हणजे दुप्पट उजेड, एक घर उणे म्हणजे निम्मा.

आमच्या ऑफिसात वर्षाच्या शेवटी असंच मीटर लावतात. फार चांगलं काम केलेला आणि काहीच न केलेला, दोघांना ओढून ताणून मधल्या रांगेत बसवतात. तिथे चकती नसते. मी सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "फोटोबद्दल बोलू या का?"

त्या हंगामात मला सगळीकडे चुकीचा उजेड दिसायला लागला. हडपसरच्या पुलाखाली बसमध्ये अडकले की मी समोरच्या पांढऱ्या टेंपोला मनातल्या मनात दीड घर देई. रिक्षावाल्याच्या काळ्या जाकिटाला एक घर उणे. बोटं आपोआप हवेत चकती फिरवत; शेजारच्या सीटवरच्या बाईंनी एकदा विचारलं, "तब्येत बरी आहे ना आपली?"

त्याच दिवसांत तात्यांनी मला गाठलं. तात्या म्हणजे त्या उसाच्या शेताचे मालक. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे ती त्यांच्या भावांनी विकली. तात्यांनी आपला तुकडा ठेवला. ऐंशीच्या आसपास वय, पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरी टोपी. मी बांधावर उभी राहून तुरे टिपत होते. ते मागून आले आणि म्हणाले, "ताई, मानसाचा काढता का?"

त्यांच्या भावकीतले एक गृहस्थ नुकतेच वारले होते. श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी घरात एकही धड फोटो सापडला नाही. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या सेल्फीतून त्यांचं तोंड कापून लावलं. "खांद्यावर दुसऱ्याचाच हात," तात्या म्हणाले. "आन् मागं आइस्क्रीमचा स्टॉल. चौकात तेरा दिवस लटकत हुता. मला आसला नगं. माझा आत्ताच काढून ठिवा, चांगला. आपली आपन तयारी आसलेली बरी." हे त्यांनी बियाण्याची सोय करून ठेवावी तशा आवाजात सांगितलं. मला हसू आलं, त्यांना आलं नाही.

रविवारी क्लास होता, म्हणून शनिवारी सकाळी नऊला गेले. त्यांचा बंगला नवा, गुळगुळीत फरशांचा. पण बाजूला जुना गोठा ठेवलाय, त्याची भिंत चुन्यानं रंगवलेली. त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून तात्या बसले. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा माणूस. मी मनात म्हटलं, आता दाखवते. सरांनी नुकतंच मॅन्युअल शिकवलं होतं. छिद्र किती उघडायचं, पडदा किती वेळ उघडा ठेवायचा, आयएसओ किती, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती हळवा ठेवायचा, तिन्ही आपण ठरवायचं. मी मीटरचा काटा मध्यावर आणला, मग चकती फिरवून ऐटीत दीड घर जास्त दिलं आणि दहा-बारा फोटो काढले. फोटो काढून लगेच मागच्या पडद्यावर बघायला सरांची बंदी होती, म्हणून पाहिलं नाही. इतकी खात्री होती की घरी संगणकावर एक ओझरता पाहिला, माझ्या त्या पडद्याचा उजेड कायम वाढवलेला असतो, आणि सरळ मोठा छापून घेतला.

छापील फोटो तात्यांनी हातात धरला, लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, "चेहरा माझाच हाय. पन टोपी कुनाची?"

टोपी मळकट दिसत होती. सदराही, भिंतही. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. ठेंगणी बाई, लुगडं, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. त्यांनी फोटो पाहिला आणि माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पायऱ्या खाली उतरले.

"ही टोपी मी धुतलीया," आक्का म्हणाल्या. "नीळ घालून, खळ देऊन. साठ वरसं धुतीया. आजवर कुनी बोट दाखवलं न्हाय. आन् आता हे मेल्यावर समदा गाव बगनार, की बायकू टोपी धड धूत नव्हती?"

तात्या म्हणाले, "आगं, मशिनीची चूक आसंल."

"मशिनीला काय माहीत? डोळं ताईंना हायत की."

बावीस वर्षांत माझ्या कामावर इतका अचूक शेरा कुणी मारलेला नाही.

रविवारी सरांना फोटो दाखवला, चकतीचंही सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "मॅन्युअलमध्ये तिन्ही गोष्टी तुम्ही बांधून टाकल्यात. मग ही चकती जास्त उजेड घ्यायला कुणाला सांगणार? भिंतीला?" चकती चालते ती कॅमेरा स्वतः काहीतरी ठरवत असेल तेव्हा. मॅन्युअलमध्ये सगळं आपण ठरवलं की माझ्या कॅमेऱ्यात ती नुसतीच फिरते. फिरताना टिकटिक आवाज येतो, आपल्याला वाटतं काहीतरी झालं. पुस्तिकेत हे लिहिलेलं होतं, पान मी नंतर शोधलं. चुका शोधणाऱ्या बाईनं स्वतःचं काम न तपासता छापून दिलं होतं. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

मग सरांनी तळहाताची युक्ती सांगितली. कातडी गोरी असो, काळी असो, तळहात सगळ्यांचे जवळजवळ सारखेच उजळ. मधल्या राखाडीपेक्षा साधारण एक घर वर. ज्याचा फोटो काढायचा तो जिथे बसणार तिथल्या उजेडात एक तळहात धरायचा, मीटर फक्त त्यावर लावायचं, काटा एक घर वर येईल असं छिद्र आणि वेळ ठरवायची. मग खुशाल पांढरा माणूस बसवा नाही तर काळा, आकड्यांना हात लावायचा नाही. उजेड तोच आहे तोवर माप तेच. आणि गृहपाठ म्हणून सरांनी दोन फोटो मागितले : एक माप घेतानाचा, एक शेवटचा. मागे पेन्सिलीनं आकडे लिहून.

पुढच्या शनिवारी पुन्हा नऊला गेले. धुकं विरत होतं, उजेड सगळीकडून सारखा येत होता, सावली कुठेच नव्हती. तात्या आत टोपी घालत होते. या वेळी आक्का स्वतः टोपीची घडी करून देत होत्या, त्यामुळे वेळ लागत होता. माझा तळहात कॅमेऱ्यापाशी, खुर्ची आठ-दहा पावलांवर भिंतीलगत. दोन्हीकडचा उजेड एक नव्हता. आक्का बाहेर आल्या तशी मी म्हटलं, "आक्का, जरा खुर्चीत बसता का? हात असा पुढे धरा, तळवा माझ्याकडे."

त्या बसल्या, पण लगेच म्हणाल्या, "माझा नगं हां फोटू. केस बगा, लुगडं बगा."

"तुमचा नाही काढत. हाताचा उजेड मोजतेय."

"हाताला काय उजेड आसतुय?" असं म्हणून त्या हसल्या, हात मात्र धरला. मी लांबची लेन्स लावून तळव्यावर माप घेतलं, काटा एक घर वर आणला, तीन-चार वेळा बटण दाबलं. मग म्हटलं, "तुमचाही काढू की आज."

"पुढल्या खेपंला. नवं लुगडं नेसून बसते. आज ह्यांचं होऊंद्या."

मी बरं म्हटलं. मला दहाला ऑफिसचा फोन होता.

तात्यांचा फोटो चांगला आला. टोपीची घडीन् घडी दिसत होती आणि ती पांढरी होती; भिंत पांढरी, पण टोपीहून किंचित कमी. आक्कांनी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला, बोटानं टोपीवरून काच पुसावी तसं केलं आणि म्हणाल्या, "आत्ता कसं." मला चहा मिळाला, गुळाचा. त्या हिवाळ्यात कुणी मला काही दिलं असेल तर ते दोन शब्द.

मग ऊस तुटला. तोडणीची टोळी आली, आठ दिवसांत शेत मोकळं झालं, गॅलरीतून पलीकडचा रस्ता दिसायला लागला. क्लास संपला. ऑफिसात नवं काम आलं. आक्का एकदा भाजीवाल्यापाशी भेटल्या, म्हणाल्या, "ताई, लुगडं घिऊन ठिवलंय." मी म्हटलं, येते. पुढल्या शनिवारी येते म्हटलं की आठवडा बरा जातो, आणि शनिवार वर्षाला बावन्न असतात.

श्रावणात एका सकाळी त्यांच्या सुनेचा, वैशालीचा, मेसेज आला. "ताई, आक्का पहाटे गेल्या. तुमच्याकडे त्यांचा एखादा फोटो आहे का? घरात चांगला एकपण सापडत नाहीये."

माप घेतानाचे फोटो मी पुसून टाकते. कामाची सवय, कचरा ठेवायचा नाही. पण गृहपाठाच्या फोल्डरमध्ये एक राहिला होता. मी तो उघडला. मध्यभागी तळहात, अगदी स्पष्ट, सगळ्या रेषांसकट. मीटर त्याच्यावर, फोकसही त्याच्यावर. त्याच्यामागे खुर्चीत एक बाई, धूसर; तळव्यानं तिचा चेहरा जवळजवळ झाकलेला, एका बाजूनं फक्त गाल आणि हसण्याचा एक कोपरा. उजेड मात्र तंतोतंत. त्या पूर्ण हंगामात इतका बरोबर उजेड मला दुसऱ्या कुठल्याच फोटोत साधला नव्हता.

मला लाज वाटली. एका बाईला समोर बसवून मी तिचं माप घेतलं आणि ते दुसऱ्यासाठी वापरलं. चेहरा झाकलेला फोटो तिच्या घरी कुठल्या तोंडानं पाठवायचा? मी वैशालीला लिहिलं, "सॉरी गं, नाहीये." ते खोटं होतं. दहाव्याला गेले तेव्हा फ्लेक्सवर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला होता. त्यात आक्का कुणीतरी पकडून आणल्यासारख्या दिसत होत्या. तात्या त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

गृहपाठाची छापील प्रत लिफाफ्यात होती. ती कपाटात राहिली, आणि मी दर शनिवारी तिला तशीच ठेवली.

या रविवारी शेवटी गेले. खांद्याला कॅमेरा अडकवला. धीर झाला नाही तर तुऱ्याचे फोटो काढायला आले असं सांगता येईल, एवढी सोय ठेवली होती. नऊ वाजले होते. धुकं मागच्या वर्षीसारखंच विरत होतं. तात्या गोठ्याच्या भिंतीपाशी त्याच खुर्चीत बसले होते. वैशाली बाहेर कपडे वाळत घालत होती.

मी लिफाफा पुढे केला आणि एका दमात सांगून टाकलं. की फोटो होता, मी नाही म्हटलं, तेव्हा तो काही खरा फोटो नव्हता, उजेड बघायला काढलेला होता, चेहरा दिसत नाही, म्हणून दिला नाही, चूक झाली.

तात्यांनी फोटो बाहेर काढला. लांब धरला, जवळ धरला. वैशाली ओल्या हातांनी येऊन त्यांच्या खांद्यावरून वाकून बघायला लागली आणि एकदम तोंडावर हात धरून हसली. "अय्या, तात्या, आक्का!"

"हं," तात्या म्हणाले. "आशीच. कवा बी फोटू काढाय गेलं की हात आडवा. पोराच्या लग्नात आल्बम केला, जितं जितं ही हाय तितं हात हाय. माझा नगं, माझा नगं." मग त्यांनी तळव्यावरच्या रेषांपाशी नख टेकवलं. "ही नीळ बगा. त्या दिशी टोपी धुतली हुती."

मी वाकून पाहिलं. तळव्याच्या भेगांतून निळी रेघ स्पष्ट दिसत होती. इतके महिने तो फोटो मी उजेड बरोबर आलाय म्हणून पाहत होते, आणि निळीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं. उजेड एक घर कमी असता तर ती दिसलीही नसती, हे कळलं आणि माझे डोळे भरून आले. तात्यांनी ते पाहिलं असावं, कारण ते दुसरीकडे बघत म्हणाले, "कॅमेरा आनलाय न्हवं? मग माझा पुन्यांदा काढा."

"तात्या, तुमचा छान आहे की. भिंतीवर लावलेला."

"तो नगं आता. त्यातली टोपी तिनं धुतल्याली हाय." त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मला दाखवली. वॉशिंग मशीनमध्ये सगळ्या कपड्यांबरोबर धुतलेली. कडेला पिवळट, मध्ये राखाडी. "धुनारी गेली. मानसानी बगितल्यावर कळाय पायजे. जशी हाय तशी येऊंद्या. वर-खाली काय करू नगा."

वैशाली म्हणाली, "तात्या, मी नीळ आणते ना, आत्ता धुते." तात्या म्हणाले, "आगं, तुझी चूक न्हाय ती." आणि टोपी परत डोक्यावर घालून ताठ बसले.

मी कॅमेरा मॅन्युअलवर टाकला. मापासाठी तळहात हवा होता. वैशालीचा मागता आला असता. पण भिंत तीच, वेळ तीच, धुक्यातून येणारा उजेड तोच होता. मी म्हटलं, "तात्या, फोटो जरा उलटा धरा." मागे माझ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं : सेकंदाचा सव्वाशेवा भाग, छिद्र पाच पॉइंट सहा, आयएसओ दोनशे. तेच आकडे लावले. काटा लगेच उजवीकडे पळाला, उजेड फार होतोय म्हणून. मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. चकतीलाही हात लावला नाही. एकदाच बटण दाबलं आणि सरांची बंदी मोडून पडदा तात्यांपुढे धरला.

मागची भिंत पांढरी आली होती. टोपी होती तेवढीच मळकी.

तात्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं, आणि मग म्हणाले, "आत्ता कसं."